भयपटाचे वाटेकरी

मंडळी, अर्धेलीने जमीन करणाऱ्या माणसाला वाटा म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. बी कोणाचे, बैल कोणाचे, खत कोणी घालायचे आणि रास पडल्यावर पहिले माप कोणाच्या पोत्यात जायचे, हे सारे पेरणीच्या आधी ठरलेले असते. ठरलेले नसले, तर खळ्यावरचे भांडण ठरलेले! आज ज्या धंद्याची हकिगत मी सांगणार आहे, तो शेतीपासून फार दूरचा. अमेरिकेत थोड्या पैशांत, मोठ्या कंपनीच्या मदतीवाचून काढलेल्या भयपटांचा तो धंदा. पण त्यातही बी आहे, बैल आहेत, रास आहे आणि वाटाही आहे. खळ्यावरचे भांडण तर आहेच आहे.

तुम्ही म्हणाल, "अहो, सुऱ्या-कोयत्यांच्या सिनेमाची गोष्ट आम्हाला कशाला?" शंका रास्त आहे. हे चित्रपट पाहा, असे सांगायला मी आलेलो नाही. पोराबाळांना तर ते दाखवूच नयेत. पण दहा-वीस हौशी माणसे, खिशात दमडी नाही, पाठीशी कोणी नाही, आणि तरी त्यांच्या हातून जगभर चालणारी वस्तू तयार होते. ती कशी होते, आणि झाल्यावर तिचे पैसे कोणाच्या घरात जातात, हा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. आजकाल गावोगावची पोरे मोबाइलवर चित्रफिती काढतात. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपलेलाच आहे.

या जातीच्या चित्रपटाला 'स्लॅशर' म्हणतात. सपकन वार करणारा, असा त्याचा अर्थ. साचा ठरलेला असतो. चार-पाच तरुण मुले-मुली आडबाजूच्या घरी जाऊन पडतात. तेथे एक मुखवटेवाला असतो. त्याच्या हाती धारेचे हत्यार. एकेक जण नाहीसा होतो आणि शेवटी बहुधा एक मुलगी तेवढी वाचते. आता हिशेब पाहा. याला राजवाडा लागत नाही, फौज लागत नाही, नावाजलेला नट लागत नाही. एक जुने घर, सात-आठ अनोळखी चेहरे आणि रात्र. रात्र तर देवाने फुकटच दिली आहे. म्हणून गरीब निर्मात्याला हे पीक परवडते. कोरडवाहूत हुलगा परवडतो तसे.

या पिकाचे पहिले बी एका मोठ्या शेतकऱ्याने पेरले. आल्फ्रेड हिचकॉक हा नाणावलेला दिग्दर्शक. १९६० साली त्याने 'सायको' काढला. ज्या कंपनीसाठी तो चित्रपट करीत होता, तिला विषय पसंत नव्हता. तेव्हा त्याने आपल्या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमावर काम करणारी माणसे घेतली, चित्रपट काळ्या-पांढऱ्या रंगात काढला आणि सुमारे आठ लाख डॉलरांत उरकला. त्याच्यासारख्याच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला. काळ्या-पांढऱ्या चित्रात तो रक्ताहून अधिक रक्तासारखा दिसतो. पण खरी गोष्ट पुढेच आहे. या गड्याने आपली अडीच लाख डॉलरांची मजुरी घेतली नाही. तिच्याऐवजी चित्रपटाच्या मालकीत साठ टक्के वाटा मागून घेतला. चित्रपट तुफान चालला आणि मजुरी सोडणारा माणूस गडगंज झाला. तो अनुभवी होता; कोणत्या कागदावर सही करावी आणि कोणत्या नाही, हे त्याला कळत होते.

सगळ्यांना ते कळत नव्हते. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. तेथे जॉर्ज रोमेरो आणि त्याचे सोबती छोट्या जाहिराती काढून पोट भरीत असत. १९६७ साली दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर काढले आणि सहा हजारांवर भयपटाला हात घातला. आपल्या भिशीसारखाच प्रकार म्हणा ना! पुढे आणखी लोकांकडून पैसे जमवीत खर्च एक लाख चौदा हजारांवर गेला. पाडण्यासाठी ठरलेले एक शेतघर त्यांनी वापरायला घेतले. पैसे घालणाऱ्यांत एक खाटीक होता, त्याने मांस पुरवले. चित्रपट १९६८ च्या ऑक्टोबरात लागला. त्याचे नाव 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. ही स्लॅशरची गोष्ट नव्हे, कबरीतून उठलेल्या मढ्यांची; पण घरच्या भाकरीवर भयपट निघतो, हे तिने दाखवले.

आणि येथेच पहिला घात झाला. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे, अमुक साली अमुकाचा हक्क, अशी ओळ प्रकाशित कृतीवर छापावी लागे. ती नसली तर हक्कच बुडे. या मंडळींनी ती ओळ चित्रपटाच्या नावाच्या पाटीवर घातली होती. वितरकाने नाव बदलले, पाटी बदलली आणि नव्या पाटीवर ती ओळ घालायची राहून गेली. झाले! चित्रपट सगळ्यांचा झाला. ज्याला हवा त्याने दाखवावा, विकावा, छापावा. करणाऱ्याला पै देण्याचे कारण नाही. सातबाऱ्यावरचे नाव तलाठ्याच्या लेखणीतून सुटावे आणि शेत गावकीचे व्हावे, तसेच हे.

आता आपण टेक्सासला जाऊ. मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा तेथे आहे.

टेक्सास हे अमेरिकेच्या दक्षिण अंगाचे मोठे राज्य. गुराढोरांचे आणि उन्हाचे. ऑस्टिन ही त्याची राजधानी. टोबी हूपर याचा जन्म तेथलाच, १९४३ सालचा. माहितीपटांचा कॅमेरा चालवणे, विद्यापीठात चित्रपटाच्या वर्गाला मदत करणे, असली कामे तो करी. एक चित्रपट त्याने आधी काढला होता, तो फारसा कोणी पाहिला नाही. १९७२ च्या नाताळात तो एका दुकानात गर्दीत अडकला. समोर पेट्रोलवर चालणाऱ्या, झाडे तोडण्याच्या करवती मांडून ठेवलेल्या. ही गर्दी फोडून बाहेर पडायला सोपा उपाय समोरच आहे, असे त्याच्या मनात आले. हूपरने ही आठवण स्वतःच सांगितली आहे. त्याने किम हेंकेल या मित्राबरोबर कथा लिहिली. पाच तरुण मंडळी मोटारीतून आजोळचे जुने घर पाहायला जातात आणि शेजारच्या घरातल्या खुनी कुटुंबाच्या तावडीत सापडतात. हे कुटुंब कत्तलखान्यात काम करणाऱ्यांचे. आधी घणाने जनावर पाडीत. मग नवे यंत्र आले आणि हातांना काम उरले नाही. चित्रपटात हे एक-दोन वाक्यांत येऊन जाते, पण माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मूळ तेथेच आहे. चित्रपटाचे नाव 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर'.

ही घडलेली गोष्ट आहे, असे चित्रपटाच्या आरंभीच सांगितले जाते. ते खोटे, बरे का. विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली एड गीन नावाचा एक मनुष्य पकडला गेला. त्याच्या घरात प्रेतांच्या कातड्याच्या वस्तू सापडल्या. त्यातले काही तपशील घेतले, एवढेच. 'सायको'च्या मुळाशीही हाच मनुष्य होता. टेक्सासात यांत्रिक करवत घेऊन फिरणारे असे कुटुंब कधी नव्हते. तरी आजही कित्येक लोक ती खरी हकिगत समजतात.

आता पैसा. एका ओळखीच्या गृहस्थाने साठ हजार डॉलर घातले आणि निम्मी मालकी आपल्याकडे ठेवली. उरलेली निम्मी हूपर आणि हेंकेल यांच्या संस्थेकडे. तिचे नाव व्होर्टेक्स, म्हणजे भोवरा. नाव चांगलेच लागू पडले! नट आणि कारागीर यांना पुरती मजुरी देण्याइतके पैसे नव्हते. तेव्हा त्यांना सांगितले, "आता थोडे घ्या, बाकीच्या बदल्यात नफ्यात टक्के घ्या." पोरे तरुण. बहुतेकांचा पहिलाच चित्रपट. त्यांनी मान डोलावली.

चित्रीकरण १९७३ च्या जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालले. ऑस्टिनजवळ राउंड रॉक गावाबाहेर एक जुने लाकडी शेतघर होते, तेथे. आठवड्याचे सातही दिवस काम, दिवसाला बारा ते सोळा तास. ऊन शंभर अंश फॅरनहाइटच्या वर. सिनेमाची नेहमीची फिल्म पस्तीस मिलिमीटर रुंद असते, ती महाग. यांनी सोळा मिलिमीटरची घेतली आणि नंतर थिएटरासाठी मोठी करून छापली. ती फिल्म मंद जातीची, म्हणजे तिला फार उजेड लागे. उजेडासाठी मोठमोठे दिवे, दिव्यांची धग आणि बाहेर टेक्सासचा उन्हाळा. चित्रात जो दाणेदार, भाजल्यासारखा रंग दिसतो, त्यात या सोळा मिलिमीटरचा मोठा हात आहे. गरिबीने घेतलेली वस्तू कधी कधी कामाला अशी उपयोगी पडते.

नेपथ्याचे काम रॉबर्ट बर्न्स या तरुणाकडे होते. त्याच्याजवळ सामान विकत आणायला पैसा नव्हता, पण डोळे होते. माळरानावर मेलेल्या गुरांची हाडे पडलेली असतातच. ती त्याने गोळा केली. खुर्च्यांना हाडांचे हात लावले, छताला हाडे टांगली. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो या खोलीमुळे. आणि तिचा बहुतेक माल उकिरड्यावरचा. मोठ्या कंपनीने हेच प्लास्टरचे करून घेतले असते आणि कोणी भ्यालेही नसते.

मुखवटेवाल्याचे काम गुनार हॅन्सन याने केले. सव्वासहा फुटांहून उंच, जन्म आइसलँडमधला, कविता लिहिणारा शांत मनुष्य. त्याला कपड्यांचा एकच जोड मिळाला होता. धुतला तर डाग जातील, रंग बदलेल आणि चित्रांचा मेळ बसणार नाही. म्हणून महिनाभर तो न धुता वापरला. शेवटी शेवटी जेवताना कोणी त्याच्या शेजारी बसेना. मुखवट्यातून नीट दिसत नसे, हातात चालू करवत आणि पुढे पळणारी मुलगी. त्या मुलीचे काम करणारी मॅरिलिन बर्न्स फार जोरात पळू शकत नसे. मग हा मागे राहावा कसा? करवतीने वाटेतल्या फांद्या छाटीत वेळ काढी! पडद्यावर ते पाहून लोक थरथर कापले; त्यांना काय ठाऊक, की गडी पाय आवरतो आहे.

पण सगळेच असे हसण्यासारखे नव्हते. शेवटच्या भागात जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आहे. त्या कुटुंबाच्या आजोबाचे काम विशीच्या एका तरुणाकडे होते. तोंडभर रबराच्या सुरकुत्या चढवायला तासन् तास लागत. एकदा ते सोसल्यावर तो म्हणाला, "पुन्हा मी हे करणार नाही." म्हणजे आजोबाचे सगळे चित्रण एकाच बैठकीत संपवणे भाग. रात्रीचा प्रसंग दिवसा घ्यायचा, म्हणून खिडक्या काळ्या कापडाने बंद केलेल्या. आत दिवे, टेबलावर सडत चाललेले अन्न, हाडांचा वास. असे सव्वीस-सत्तावीस तास काम चालले. माणसे खिडकीशी जाऊन ओकत आणि परत येऊन उभी राहत. एका ठिकाणी मुलीच्या बोटाला सुरी लावायची होती. पात्याच्या मागे खोट्या रक्ताची नळी चिकटवली होती. ती तुंबली. दोन-तीनदा जमले नाही, तेव्हा हॅन्सनने पात्यावरची पट्टी काढून खरोखरच तिचे बोट कापले. तिला आधी सांगितले नाही. पडद्यावर आहे ते तिचेच रक्त.

मी येथे थोडा थांबतो. या हकिगती चित्रपटाचे भक्त मोठ्या कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही. हाडे गोळा करणे ही काटकसर. मुलीला न सांगता तिचे बोट कापणे ही काटकसर नव्हे. थोड्या पैशांत काम करायचे म्हणजे उरलेली किंमत कोणीतरी अंगावर घेतो. प्रश्न एवढाच, की ज्याने ती अंगावर घेतली त्याला शेवटी काय मिळाले?

तिकडे वळण्याआधी या चित्रपटाचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. नावात कत्तल आहे, पण पडद्यावर रक्त फारच थोडे. मुलांनाही पाहता येईल असा दाखला मिळावा, अशी हूपरची इच्छा होती, म्हणून त्याने हात आखडता ठेवला. एका मुलीला खाटकाच्या आकड्याला टांगतात, त्यात आकडा अंगात शिरताना दिसतच नाही. तिचा चेहरा दिसतो, खाली बादली दिसते आणि करवतीचा आवाज येतो. बाकीचे आपण मनात रचतो. संगीत हूपर आणि त्याचा सोबती वेन बेल यांनी स्वतःच तयार केले. सुरेल वाद्ये नव्हेत. खेळण्यातली वाद्ये, पत्र्याचे आवाज, घासल्याचे आवाज. नभोवाणीवर काम करणाऱ्याला यात नवल वाटू नये. अंधाऱ्या खोलीत दाराची कडी वाजली की श्रोता चोर स्वतःच रंगवतो. हूपरला हवा तो दाखला काही मिळाला नाही, हा भाग वेगळा. अमेरिकेत तो मोठ्यांसाठीच ठरला आणि ब्रिटनमध्ये पुष्कळ वर्षे त्याला परवानगीच नव्हती. ती मिळाली १९९९ साली.

आता खळ्यावर येऊ.

संकलन करताना पैसे संपले. आणखी एका मंडळाकडून साडेतेवीस हजार डॉलर घेतले आणि व्होर्टेक्सच्या वाट्यातले एकोणीस टक्के त्यांना लिहून दिले. मोठ्या कंपन्यांनी चित्रपट नाकारला. अखेर १९७४ च्या ऑगस्टात ब्रायनस्टन नावाच्या न्यूयॉर्कच्या वितरकाने तो घेतला. करार असा: सव्वादोन लाख डॉलर रोख आणि नफ्यात पस्तीस टक्के. ऑक्टोबरात चित्रपट लागला. तेव्हा अमेरिकेत उघड्यावरची चित्रपटगृहे फार होती. मोकळ्या मैदानात मोटारी उभ्या करायच्या आणि मोटारीत बसूनच मोठा पडदा पाहायचा. आपल्या जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाचे श्रीमंत भावंड म्हणा. तेथे असले चित्रपट धो धो चालत. हाही चालला. वर्षानुवर्षे फिरून फिरून लागत राहिला आणि एकट्या अमेरिकेत तिकिटांचे तीन कोटी डॉलरांवर पैसे झाले.

रास तर डोंगराएवढी पडली. आता मापे पाहा. रोख आलेल्या सव्वादोन लाखांतून आधी पैसे घालणाऱ्यांची भरपाई झाली. मग वकील, मग हिशेबनीस, मग मध्यस्थ. बाजार समितीत माल घातलेल्या माणसाने अडत्याची पट्टी डोळ्यांपुढे आणावी: अडत वजा, हमाली वजा, तोलाई वजा. सगळे वजा होऊन वीस नट-कारागिरांत वाटायला उरले आठ हजार शंभर डॉलर. माणशी सरासरी चारशे! डॉलर तेव्हा आठ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सव्वातीन हजार रुपये. आणि ही सरासरी झाली. प्रत्यक्षात कोणाला कमी, कोणाला जास्त. आपला पहिला चेक सत्तेचाळीस डॉलर आणि काही सेंटांचा होता, असे मुखवटेवाल्या हॅन्सनने पुढे सांगितले आहे.

एवढे कमी का? येथे एक बारीक गोम आहे, ती समजून घ्या. पोरांना जे टक्के दिले होते, ते सगळ्या चित्रपटाचे आहेत अशी त्यांची समजूत होती. ते होते व्होर्टेक्सचे. आणि व्होर्टेक्सकडे मालकी होती निम्मीच. म्हणजे रुपयात एक आणा मिळेल म्हणून मान डोलावली आणि मागाहून कळले, की आपल्या नशिबीचा रुपयाच आठ आण्यांचा आहे. त्या आठ आण्यांतूनही एकोणीस टक्के दुसरीकडे गेलेले. कोणी खोटा आकडा सांगितला नव्हता. फक्त 'कशाचे टक्के?' हे कोणी विचारले नव्हते आणि कोणी आपण होऊन सांगितलेही नव्हते.

आता नफ्यातले ते पस्तीस टक्के. ब्रायनस्टनचे हिशेब येत, पण पैसा येत नसे. पिक्चर चालतो आहे हे सगळ्या देशाला दिसे. वहीत मात्र नफा दिसत नसे. त्या कंपनीच्या मालकांचे नाव न्यूयॉर्कच्या गुंड टोळ्यांशी जोडले जाई, तेव्हा वसुलीला दारात जाऊन बसण्याचीही सोय नव्हती. निर्माते कोर्टात गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला: पाच लाख डॉलर द्या. पण तोवर कंपनीने दिवाळे जाहीर केले होते. निकालाचा कागद हाती आला आणि कागदच हाती राहिला. १९८३ साली दुसऱ्या एका कंपनीने वितरणाचे हक्क घेतले आणि निर्मात्यांना बरा वाटा देऊ केला. म्हणजे चित्रपट लागून नऊ वर्षे झाल्यावर. आज त्याची प्रत न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. ते शेतघरही १९९८ साली सुटे करून किंग्जलंड या गावी नेऊन उभारले. तेथे खाणावळ चालते. घराचेसुद्धा बरे झाले म्हणायचे.

ही ठेच पाहून असो वा नसो, पुढच्या एका मंडळीने हिशेब नीट मांडला. जॉन कार्पेंटर याने १९७८ साली 'हॅलोवीन' काढला. त्याच्याबरोबर डेब्रा हिल ही हुशार बाई होती. तिने कथा लिहायला हात लावला आणि निर्मितीही सांभाळली. पैसा मुस्तफा अक्काद या सीरियात जन्मलेल्या निर्मात्याचा, तीन लाखांच्या थोडा वर. चित्रीकरण तीनएक आठवड्यांत संपवले. गोष्ट पानगळीच्या दिवसांतली आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियात ऐन वसंतात! तेव्हा पानांना पिवळा-तांबडा रंग देऊन ती रस्त्यावर पसरत, आणि काम झाले की गोळा करून पोत्यात भरीत; पुढच्या दृश्यात तीच पाने पुन्हा. खुन्याचा मुखवटा दुकानातून आणला, दोन डॉलरांच्या आतला. दूरचित्रवाणीवरच्या एका प्रसिद्ध अंतराळवीराचा तो चेहरा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोके मोठी केली. झाला राक्षस! संगीतकाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून कार्पेंटर स्वतः पियानोवर बसला. लहानपणी बापाने शिकवलेला पाच मात्रांचा ठेका त्याने वाजवला, आणि तो आज जगभर ओळखला जातो.

कार्पेंटरने लिहिणे, दिग्दर्शन आणि संगीत या तिन्हींचे मिळून दहा हजार डॉलर घेतले. आणि नफ्यात दहा टक्के. चित्रपटाने अमेरिकेत साडेचार कोटींच्या वर धंदा केला. करार साधा होता, पण टक्के कशाचे ते ठरलेले होते आणि पैसे देणारा पळून जाणारा नव्हता. हूपर आणि कार्पेंटर यांच्या कसबात डावे-उजवे करण्याचे मला कारण दिसत नाही. फरक कागदाचा.

या धंद्याची आपल्याकडची शाखा महाबळेश्वरी उघडली, हे थोड्यांना ठाऊक असेल. रामसे कुटुंब फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले. वडिलांचे रेडिओचे दुकान होते. पृथ्वीराज कपूर यांना घेऊन काढलेला १९७० चा त्यांचा चित्रपट पडला. पण त्यातल्या मुखवटा घातलेल्या चोराच्या प्रसंगाला लोक दचकतात, हे मुलांनी थिएटरात बसून हेरले. मग 'दो गज जमीन के नीचे'. सात भाऊ, एकाकडे कॅमेरा, एकाकडे आवाज, एकाकडे संकलन, दोघांकडे दिग्दर्शन. सगळे घरदार आणि मोजकी माणसे बसमध्ये घालून महाबळेश्वर गाठले, विश्रामगृहात उतरले आणि बायकांनी स्वयंपाक सांभाळला. १९७२ साली चित्रपट लागला आणि चालला. हे स्लॅशर नव्हे, भुताखेताचेच. पण रीत तीच. वाट्याचा प्रश्न तेथे निराळ्या तऱ्हेने सुटला, कारण एकत्र कुटुंबात रास एकाच कणगीत पडते. अर्थात एकत्र कुटुंबे कायम एकत्र राहत नाहीत, हे सांगायला नको.

आता शिक्षकबंधूंसाठी थोडे. शाळेतली मुले किंवा गावातले तरुण मंडळ चित्रफीत काढते, तेव्हा बहुधा कागद होतच नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पिट्सबर्गच्या मंडळींना नडली तसली पाटीची अट नाही. कृती झाली की हक्क आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. पण हा कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून ओळखतो तो निर्मात्याला, कॅमेरा धरणाऱ्याला किंवा नटाला नव्हे. तेव्हा निर्माता कोण, एक जण की दहा जण, हे आधी ठरवावे लागते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी दिलेला धरला जात नाही. त्या लेखात कोणती कृती, कोणता हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे यावे लागते. मुदत लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहायचा राहिला तर भारतापुरता धरतो. मोबदला टक्क्यांत असेल तर मात्र ते टक्के एकूण उत्पन्नाचे, नफ्याचे की कोणाच्या तरी हिश्श्याचे, हे कायदा तुमच्यासाठी लिहून देत नाही. ते कागद करतानाच लिहावे लागते.